सोन्याच्या विटा मोजल्या, माणसे राहिली

१४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फुटले, तेव्हा त्याच्या पोटात दारूगोळ्याबरोबर सोन्याच्या विटांच्या ३१ पेट्या होत्या. एका पेटीत चार, म्हणजे १२४ विटा. स्फोटाबरोबर त्यातल्या काही शहरावर उडाल्या. एक वीट लांबच्या एका घराचे छप्पर फोडून आत पडली आणि घरमालकाने ती प्रामाणिकपणे सरकारजमा केली. गोदीचा गाळ उपसताना एखादी वीट हाती लागण्याचे प्रकार पुढे कित्येक वर्षे चालू होते, आणि दर वेळी त्याची बातमी होत होती. जहाजात सोने किती होते, हे आज कोणीही विटा मोजून सांगू शकतो. त्याच स्फोटात माणसे किती मेली, असे विचारले की मात्र उत्तर सैल होते. कोणी आठशे म्हणते, कोणी तेराशे. त्यात सामान्य नागरिक किती, तर ‘५०० हून अधिक’. या ‘हून अधिक’मध्ये कोण कोण होते, त्यांची नावे काय, ते कुठल्या चाळीत राहत होते, हे सांगणारी पाटी मुंबईत नाही. युद्धात मेलेल्या सामान्य माणसाची सरकारी स्मृती कशी घडते आणि बहुतेकदा का घडत नाही, हे समजून घ्यायला मुंबईच्या या गोदीइतके दुसरे चांगले ठिकाण नाही.

घटना थोडक्यात सांगतो, कारण तिचा तपशीलच पुढच्या वादाचा पाया आहे. ‘फोर्ट स्टिकिन’ इंग्लंडातल्या बर्कनहेड बंदरातून फेब्रुवारी १९४४ मध्ये निघाले. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता, शिवाय लढाऊ विमाने होती. वाटेत कराचीला काही माल उतरला आणि रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या ८,७०० गासड्या, तेलाची पिंपे, इमारती लाकूड, भंगार लोखंड असे काय काय भरले गेले. कापूस आणि दारूगोळा शेजारी नको, हे गोदीतल्या पोरालाही कळले असते, पण युद्धकाळात जहाजातली जागा सोन्याहून महाग होती. १२ एप्रिलला जहाज मुंबईत लागले. धोकादायक माल असल्याचा लाल बावटा त्यावर नव्हता. दोन दिवस स्फोटके उतरलीच नाहीत. १४ तारखेच्या दुपारी गासड्यांतून धूर दिसू लागला, बंबांनी शेकडो टन पाणी ओतले, तरी आग खालून धुमसतच राहिली. पहिल्या स्फोटानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा झाला. त्याचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. आसपासची डझनभर जहाजे गेली, गोदीलगतची वस्ती आणि वखारी पेटल्या, हजारो लोक बेघर झाले, आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. आणि सरकारने काय केले, तर बातमी दाबली. सायगावच्या जपानी नभोवाणीने दुसऱ्याच दिवशी ती जगाला सांगितली. इथून वार्ताहरांना सविस्तर मजकूर बाहेर पाठवायची परवानगी मिळायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला.

या स्फोटाची आठवण मुंबईने ठेवलीच नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ६६ जवान कामावर असताना मेले. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे, आणि १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. ते योग्यच आहे. बंब घेऊन आत शिरलेली ती माणसे परत येण्याच्या आशेवर गेली नव्हती. गोदीत असलेल्या सैनिकांपैकी जे मेले, त्यांचीही सोय झाली, कारण दोन्ही महायुद्धांतल्या मृतांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ युद्ध स्मृती आयोगाचा नियम सैनिकाच्या बाबतीत फार उदार आहे. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना सैनिक कशानेही मेला, गोळीने, मलेरियाने, अगदी ट्रक उलटून, तरी त्याला आयोगाच्या खर्चाने कबर किंवा स्मारकावर नाव मिळते. पुण्याजवळ खडकीच्या युद्ध दफनभूमीत ओळीने उभे असलेले पांढरे दगड याच नियमाने उभे आहेत. नागरिकाचे मात्र तसे नाही. तो युद्धकारवाईनेच मेला पाहिजे, आणि ते सिद्धही झाले पाहिजे. म्हणजे गोदीच्या फाटकावर पहारा देणारा शिपाई आणि त्याच्यासमोरून पाठीवर गासडी घेऊन जाणारा हमाल एकाच क्षणी, एकाच लोखंडी तुकड्याने मेले, तर शिपायाचे नाव आपोआप नोंदले जाईल आणि हमालाचे नाव नोंदायचे की नाही यावर वाद घालावा लागेल. तो वादही कधी झाला नाही, कारण तो घालणारे कोणी नव्हते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, सरकारी स्मृती शौर्य बघत नाही, हानीही बघत नाही. ती हजेरीपट बघते. ज्याचे नाव आधीच कुठल्या तरी पगारपत्रकावर होते, त्याचे नाव पुढे दगडावर येते. ज्याची नोंद जिवंतपणी कोणी ठेवली नाही, त्याची मेल्यावर कुठून ठेवणार? विसरण्यात दुष्टपणा असतोच असे नाही, बहुतेकदा नसतो. फौजेकडे, दलाकडे, कंपनीकडे यादी तयार असते, कोणी परतला नाही तर त्याच्या नावापुढे खूण होते आणि ती यादी उचलून कोरक्याच्या हाती देणे सोपे जाते. कोकणातून आलेला, घाटावरून आलेला, रोजावर काम मिळाले तर गोदीत आणि नाही मिळाले तर दुसरीकडे जाणारा मजूर कुठल्या यादीत असणार? त्याची बायको, गोदीच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीत भाकऱ्या थापणारी, ती तर कुठल्याच यादीत नाही.

हे केवळ मुंबईपुरते किंवा केवळ अपघातापुरते आहे असे वाटत असेल, तर ‘तिलावा’ या जहाजाकडे पाहावे. २० नोव्हेंबर १९४२ रोजी हे जहाज मुंबईहून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे निघाले. त्यावर ९५८ माणसे होती. त्यातले बहुसंख्य प्रवासी हिंदी होते, बरेचसे गुजराती, आफ्रिकेतल्या दुकानांकडे, नोकऱ्यांकडे, नवऱ्यांकडे निघालेले. २३ नोव्हेंबरच्या पहाटे अरबी समुद्रात जपानी पाणबुडीने त्यावर पाणतीर सोडले. इथे शत्रूच्या कारवाईविषयी शंकेला जागा नाही. २८० माणसे मेली. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेने उचलून मुंबईला परत आणले. जहाजावरच्या मेलेल्या खलाशांची नावे अधिकृत नोंदीत आहेत, कारण व्यापारी जहाजांचे नोकर आयोगाच्या कक्षेत येतात. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशांची नामावली मुंबईच्या नाविक गृहात आणि चितगावात ठेवलेली आहे. त्याच जहाजावरच्या, त्याच पाणतीराने बुडालेल्या प्रवाशांसाठी अशी वही नाही. त्यांची पहिली सार्वजनिक स्मृतिसभा मुंबईत झाली ती २०२२ साली, ऐंशी वर्षांनी, आणि तीही वंशजांच्या पुढाकाराने. मधल्या काळात जहाजातल्या चांदीचा शोध मात्र लागला. २०१७ साली अडीच किलोमीटर खोल पाण्यातून चांदीच्या २,३६४ लाद्या वर काढण्यात आल्या आणि त्यांच्या मालकीचा दावा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२४ साली त्याचा निकाल लागला. धातूला मालक असतो, विमा असतो, वकील असतो. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला यातले काहीच नसते.

मग नागरिकांची नोंद ठेवणे मुळातच अशक्य आहे काय? ब्रिटनने ती ठेवली. १९४० च्या उन्हाळ्यानंतर लंडनवर बॉम्ब पडू लागले, तेव्हा युद्ध स्मृती आयोगाचे संस्थापक फेबियन वेअर यांच्या ध्यानात आले की, या युद्धात आघाडी घराच्या उंबऱ्यापर्यंत आली आहे, आणि फक्त गणवेशातल्यांची नावे लिहिली तर नोंद खोटी होईल. आयोगाच्या सनदेत नागरिकांचा उल्लेखच नव्हता. म्हणून १९४१ साली पुरवणी सनद घेतली गेली. पुढे सात खंड तयार झाले, त्यांत जवळजवळ ६७,००० नावे आहेत. ते लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत ठेवलेले आहेत आणि त्यांचे पान उलटत राहते. एकेका नोंदीत नाव, वय, राहण्याचा पत्ता, कोणाची बायको, कोणाचा मुलगा आणि मरण कुठे आले, इतका तपशील असतो. ती केवळ सरदारांची किंवा शूरवीरांची यादी नाही. तिच्यात दूधवाले, टायपिस्ट, आजीबाई आणि तान्ही मुले आहेत. ही नोंद आपोआप झाली नाही, हे इथे लक्षात घ्यायचे. एका माणसाने नियम अपुरा आहे असे म्हटले, नियम बदलला, आणि मग नावे आली. नियम न बदलता सहानुभूतीवर सोडले असते, तर ती नावेही मुंबईच्या नावांसारखीच ‘हून अधिक’मध्ये गेली असती.

शिवाय ती वही बंद झालेली नाही. आजही एखाद्याला वाटले की आपल्या पणजीचे नाव राहून गेले, तर तो आयोगाकडे अर्ज करू शकतो. त्यासाठी भावना पुरत नाही, कागद लागतो. सगळ्यात भक्कम कागद म्हणजे मृत्यूचा दाखला. त्या काळच्या ब्रिटिश दाखल्यांवर मृत्यूचे कारण म्हणून ‘युद्धकारवाईमुळे’ अशा अर्थाचा ठरीव शेरा असे, आणि तो असला की काम निम्मे झाले. खरी अडचण येते ती उशिराने मेलेल्यांची. बॉम्बहल्ल्यात जखमी होऊन महिन्यांनी इस्पितळात न्यूमोनियाने गेलेली बाई युद्धाची बळी की न्यूमोनियाची? दाखल्यावर नुसता न्यूमोनिया असेल, तर जखम आणि मरण यांची सांधेजोड अर्जदाराला करावी लागते: इस्पितळाची नोंद, वर्तमानपत्रातली ओळ, दफनाची वही. हे काम बहुधा नातलग किंवा हौशी संशोधक करतात. एका नावामागे कित्येक महिने जातात आणि शेवटी वहीत दोन ओळी वाढतात. कोणाला हा उद्योग बिनकामाचा वाटेल. पण त्या दोन ओळींमुळे एक माणूस आकड्यातून बाहेर येतो.

मुंबईच्या बाबतीत पहिला आक्षेप ठरलेला आहे: हा अपघात होता, शत्रूने केलेला हल्ला नव्हता. स्फोटाची चौकशी करणाऱ्या आयोगानेही आगीचे मूळ कापसाच्या गासड्यांत असावे असेच म्हटले आणि हलगर्जीपणाची एक मोठी यादी दिली. आक्षेप खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष खरा नाही. लंडनच्या बेथनल ग्रीन भागात ३ मार्च १९४३ च्या रात्री भुयारी स्थानकाच्या जिन्यावर १७३ माणसे चेंगरून मेली: २७ पुरुष, ८४ बायका, ६२ मुले. त्या रात्री तिथे एकही बॉम्ब पडला नव्हता. जवळच्या बागेतून सोडलेल्या आपल्याच विमानविरोधी रॉकेटांच्या आवाजाने घाबरून लोक खाली धावले, अंधाऱ्या ओल्या जिन्यावर कोणी तरी पडले आणि पाठचे वर चढत गेले. सरकारने त्याचाही अहवाल बराच काळ दाबून ठेवला. आज त्या जिन्याच्या तोंडाशी सर्व १७३ नावांचे स्मारक उभे आहे. ते २०१७ साली पूर्ण झाले. युद्ध नसते तर ते लोक त्या जिन्यावर नसते, हा साधा तर्क तिथे मान्य झाला. मुंबईत तो अधिकच लागू पडतो. युद्ध नसते तर स्फोटके आणि कापूस एकाच जहाजात नसते, आणि ते जहाज भर वस्तीला लागलेल्या गोदीत बांधले गेले नसते. एक गोष्ट तर फार बोचते. बातमी दाबताना सरकारने कारण युद्धाचेच दिले होते. बातमी रोखायला जी घटना युद्धाची होती, ती नावे लिहायच्या वेळी नुसता अपघात कशी होते? स्फोटाच्या भरपाईसाठी १९४४ सालीच खास वटहुकूम काढावा लागला, यावरून सरकारलाही हे नेहमीच्या आगीसारखे वाटले नव्हते हे उघड आहे.

दुसरा आक्षेप देशाभिमानाचा आहे आणि तो अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. ते युद्ध आपले नव्हते. इंग्रजांनी आपल्याला न विचारता ते आपल्यावर लादले. १९४४ साली आपले पुढारी तुरुंगात होते, बंगालमध्ये माणसे भुकेने मेली होती. मग त्या युद्धाच्या बळींची स्मारके आपण का उभारायची? याचे उत्तर असे की, नाव लिहिणे म्हणजे युद्धाचा गौरव करणे नव्हे. हुतात्मा आणि बळी यांत फरक आहे, आणि तो पाळायलाच हवा. हुतात्म्याने काही निवडलेले असते, बळीने निवडलेले नसते. गोदीतल्या हमालाला शहीद म्हणू नये. तसे म्हटले तर त्याच्यावर पुन्हा एक न विचारलेले ओझे लादल्यासारखे होईल. पण न विचारता लादलेल्या युद्धात तो मेला, म्हणूनच तर त्याची नोंद अधिक महत्त्वाची आहे. लादलेल्या युद्धाची किंमत कोणी मोजली हे आपण लिहिले नाही, तर लिहायला दुसरे कोणी येणार नाही. इंग्रजांना त्याची गरज नव्हती आणि नाही.

राहिला व्यवहारी आक्षेप: नावे आता मिळणार कुठून, आणि मिळाली तरी यादी अपुरीच राहणार. अपुरी राहील, हे खरे. कित्येकांची तर ओळखही पटली नव्हती. पण यादी पुरी झाल्याशिवाय लावायचीच नाही, असे ठरवले असते तर आपले हुतात्मा स्मारकही झाले नसते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले १०५ हुतात्मे हा आकडा आपल्या जिभेवर बसला, आणि तो पुढे १०६ झाला, मग १०७. त्यामुळे स्मारकाचे काही बिघडले नाही. उलट यादी खुली असते, पुरावा आला की तिच्यात नाव वाढते, हा पायंडा महाराष्ट्राने स्वतःच पाडला आहे. युद्ध स्मृती आयोगालाही २०२१ साली कबूल करावे लागले की, पहिल्या महायुद्धात मेलेल्या, प्रामुख्याने पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन अशा, किमान १,१६,००० लोकांची नावे कधी कोरलीच गेली नाहीत, आणि हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही जाऊ शकतो. जानेवारी २०२५ मध्ये केपटाउनला त्यातल्या १,७०० हून अधिक कृष्णवर्णीय कामगारांच्या नावांचे स्मारक उघडले गेले. ते लढणारे नव्हते, सामान वाहणारे होते. शंभर वर्षांनी त्यांची नावे मिळाली, तर ऐंशी वर्षांनी गोदीतल्यांची का मिळू नयेत?

कागद कुठे शोधायचा, याचा अंदाज बांधता येतो. त्या काळी मुंबईत अपमृत्यूंची चौकशी करणारा कॉरोनर होता, महापालिकेच्या मृत्युनोंदी होत्या, स्मशानांच्या आणि कबरस्तानांच्या वह्या होत्या, इस्पितळांची दाखलपत्रके होती. भरपाईचे अर्ज होते, आणि अर्ज म्हटला की अर्जदाराचे नाव, मृताचे नाव, नाते, पत्ता हे आलेच. योगायोग असा की, त्या वेळी दिल्लीत व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते, आणि युद्धात जखमी होणाऱ्या कामगारांच्या भरपाईच्या विम्याचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. कामगाराचे मरण कागदावर आले पाहिजे, ही जाणीव त्या काळाला अगदीच परकी नव्हती. यातले किती कागद वाळवीतून वाचले असतील हे पाहिल्याशिवाय कळणार नाही, आणि पाहणे हे एकट्या-दुकट्या हौशी माणसाचे काम नव्हे. महापालिका, बंदर प्राधिकरण आणि राज्याचे पुराभिलेख खाते या तिघांनी मिळून एक छोटी समिती नेमावी, पुरावा कोणता चालेल हे आधी जाहीर करावे, भरपाईची जुनी प्रकरणे यातून उकरली जाणार नाहीत असे स्पष्ट लिहावे, म्हणजे सरकारी वकिलांचीही झोप उडणार नाही. मग नावे गोळा करून ती गोदीच्या जवळ, लोकांच्या वाटेवर लावावीत, आणि खाली काही ओळी कोऱ्या सोडाव्यात.

व्हिक्टोरिया गोदी आता भराव टाकून बुजवली आहे. पूर्व किनाऱ्याच्या पुनर्विकासाचे आराखडे निघत आहेत, त्यात रस्ते येतील, बागा येतील, कदाचित त्यांना नावेही दिली जातील. ज्यांच्या घरात १९४४ चा एखादा कागद आहे, भरपाईची पावती, इस्पितळाची चिठ्ठी, ‘मुंबईस गोदीत वारले’ एवढेच लिहिलेले एखादे पोस्टकार्ड, त्यांनी तो रद्दीत टाकू नये. त्याची छायाप्रत काढावी, मागे मृताचे पूर्ण नाव, गाव आणि वय लिहावे, आणि ती महापालिकेच्या आपल्या नगरसेवकाकडे लेखी अर्जासह द्यावी. पोच घ्यायला विसरू नये.